कोकणात स्फटिक वाढवताना: नवख्या संशोधकासाठी पहिली पावले

पालघरपासून सावंतवाडीपर्यंतच्या महाविद्यालयांत भौतिकशास्त्र किंवा रसायनशास्त्र शिकणाऱ्या आणि संशोधन म्हणजे प्रत्यक्षात काय करायचे असते, हे ज्यांना अजून कोणी दाखवलेले नाही, अशा विद्यार्थ्यांसाठी हे मार्गदर्शन आहे. सैद्धान्तिक भौतिकी, पॉलिमरचे (म्हणजे लांब साखळीसारख्या रेणूंच्या पदार्थांचे) रसायनशास्त्र आणि स्फटिकवाढ हे तीन विषय अभ्यासक्रमात वेगवेगळ्या पेपरांत विखुरलेले असतात आणि ते शिकवणारे प्राध्यापकही बहुधा वेगळ्या विभागांत बसतात. परंतु सैरावैरा फिरणाऱ्या रेणूंमधून रचना कशी उभी राहते आणि ती उभी राहायला अडथळा कशाचा होतो, हा प्रश्न तिन्ही विषयांच्या मुळाशी सारखाच आहे. त्यामुळे एका विषयात घातलेले श्रम दुसऱ्यात वाया जात नाहीत.

सुरुवात स्फटिकापासून करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याला मोठा निधी लागत नाही, काही आठवड्यांत आलेखावर मांडता येईल असा आकडा हाती येतो, आणि सिद्धान्तातील प्रत्येक संज्ञा डोळ्यांना दिसते. शिवाय आपल्या किनाऱ्यावर हवेतील आर्द्रता आणि तापमान स्वतःच प्रयोगात भाग घेतात. त्यांची नोंद ठेवली नाही, तर इथे मिळालेल्या कोणत्याही निष्कर्षाला आधार राहत नाही. नोंद ठेवली, तर जून ते सप्टेंबरचा पावसाळाही कामाचा ठरतो.

साहित्य गोळा करणे

गढूळ पाणी निवळण्यासाठी घरात जी तुरटी फिरवतात, ती किराणा दुकानातून आणून हात बसवण्यासाठी वापरता येते. मोजमापाच्या प्रयोगाला मात्र प्रयोगशाळेतील शुद्ध पोटॅश तुरटीच घ्यावी, कारण बाजारातील तुरटीत अमोनियाची तुरटी किंवा लोहाचे अंश असू शकतात आणि त्यामुळे विद्राव्यतेचे आकडे जुळत नाहीत. पाणी ऊर्ध्वपातित असावे. खाडीलगतच्या विहिरींचे पाणी उन्हाळ्यात मचूळ होते आणि जांभ्यातील झऱ्याच्या पाण्यात लोह असू शकते, म्हणून ते पाणी पिण्यास कितीही चांगले असले तरी इथे चालणार नाही.

याखेरीज काचेच्या रुंद तोंडाच्या दोन-तीन बरण्या, गाळणकागद, दशांश ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा काटा, व्हर्नियर कॅलिपर, थर्मामीटर आणि आर्द्रता दाखवणारे साधे यंत्र एवढे पुरते. आर्द्रतामापक नसेल, तर दोन सारखे थर्मामीटर घेऊन त्यांतील एकाच्या फुग्याभोवती ओले मलमल गुंडाळावे. दोन वाचनांतील फरकावरून तक्त्याच्या साहाय्याने सापेक्ष आर्द्रता काढता येते. स्फटिक टांगण्यासाठी मासेमारीचे साहित्य विकणाऱ्या दुकानातून मिळेल तितके बारीक तंगूस आणावे. सुती दोरा वापरू नये, कारण त्याच्या बाहेर आलेल्या प्रत्येक तंतूवर नवे स्फटिक धरतात आणि हवा असलेला एकुलता एक स्फटिक त्या गर्दीत उपाशी राहतो. तंगूस हे नायलॉनचे, म्हणजे स्वतःच पॉलिमर आहे. त्याच्याकडे आपण पुढे परत वळणार आहोत.

द्रावण आणि बीज

शंभर ग्रॅम पाण्यात २० अंश सेल्सिअसला सुमारे ११ ग्रॅम, ३० अंशांना १६ ते १७ ग्रॅम, ४० अंशांना २४ ग्रॅमच्या आसपास आणि ६० अंशांना ५५ ग्रॅमहून अधिक तुरटी विरघळते. हे आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावेत, कारण पुढचे सगळे नियोजन त्यांच्यावरच अवलंबून आहे. अर्धा लिटर पाणी ५० अंशांपर्यंत तापवून त्यात १०० ग्रॅम तुरटी ढवळत विरघळवावी आणि द्रावण गरम असतानाच गाळून घ्यावे. हे द्रावण साधारण ३५ अंशांना संपृक्त होते, म्हणजे त्यात आणखी तुरटी विरघळू शकत नाही. खोलीचे तापमान २८ अंश असेल, तर थंड होताना वीस-पंचवीस ग्रॅम तुरटी जास्तीची ठरते आणि ती एक-दोन दिवसांत तळाशी बारीक स्फटिकांच्या रूपात बसते.

या बारीक स्फटिकांतून बीज, म्हणजे ज्यावर मोठा स्फटिक वाढवायचा तो लहान स्फटिक, निवडायचे असते. ते तीन-चार मिलिमीटरचे, पारदर्शक, आठही बाजू स्पष्ट असलेले आणि दुसऱ्या स्फटिकाला न चिकटलेले असावे. तुरटीचा स्फटिक घनीय वर्गातील असून तो अष्टफलकाच्या आकारात वाढतो. म्हणजे दोन चौरस पिरॅमिड तळाशी जोडावेत तसा तो दिसतो. भिंगाखाली पाहून बीज निवडण्यात अर्धा तास गेला तरी चालेल, कारण बीजातील भेग किंवा जोड शेवटपर्यंत स्फटिकात राहतो. वरचे द्रावण दुसऱ्या स्वच्छ बरणीत निवळून घ्यावे आणि बीज तंगुसाच्या सरकगाठीत अडकवून द्रावणाच्या मध्यभागी येईल असे काडीवरून सोडावे.

बीज सोडल्यावरची पहिली दहा मिनिटे बरणीसमोरून हलू नये. बरणीच्या मागे टॉर्च धरून बीजाभोवतीच्या द्रवाकडे आडव्या नजरेने पाहिल्यास, तापलेल्या डांबरी रस्त्यावर हवा थरथरताना दिसते तशा पुसट रेषा दिसतात. बीज विरघळत असेल, तर त्याच्या अंगाला लागलेला द्रव अधिक तुरटी घेऊन जड होतो आणि रेषा खाली उतरतात. बीज वाढत असेल, तर आसपासच्या द्रवातील तुरटी कमी होऊन तो हलका होतो आणि रेषा वर चढतात. रेषा दिसतच नसतील, तर द्रावण संपृक्ततेच्या अगदी जवळ आहे. महागडे उपकरण न वापरता द्रावणाची अवस्था ओळखण्याची याहून चांगली रीत मला ठाऊक नाही. रेषा खाली उतरताना दिसल्या, तर बीज लगेच बाहेर काढावे, द्रावणात थोडी तुरटी घालून ते पुन्हा तापवावे, गाळावे आणि थंड करावे.

बरणीच्या तोंडावर गाळणकागद बांधून ती अशा ठिकाणी ठेवावी की तिला ऊन, पंख्याचा वारा किंवा दार आपटण्याचा धक्का लागणार नाही. समुद्रासमोरच्या घरात खाऱ्या वाऱ्याबरोबर मिठाचे सूक्ष्म कण आत येतात, म्हणून मागच्या बाजूची खोली अधिक बरी.

मोजमाप

मोठा स्फटिक वाढवला म्हणजे संशोधन झाले, असे होत नाही. तो कोणत्या वेगाने वाढला आणि तो वेग कशामुळे ठरला, हे सांगता आले पाहिजे. दर दोन-तीन दिवसांनी, शक्यतो एकाच वेळी, स्फटिक तंगुसासह बाहेर काढून टिपकागदाने हलकेच टिपावा, त्याचे वजन आणि कडेची लांबी लिहावी आणि तो लगेच परत सोडावा. तापमान व आर्द्रता मात्र रोज सकाळी, दुपारी आणि रात्री लिहावी, स्फटिकाला हात लावला नाही त्या दिवशीसुद्धा.

वजन आणि लांबी ही दोन मोजमापे एकमेकांना तपासून पाहतात. नियमित अष्टफलकाचे आकारमान म्हणजे कडेच्या घनाला ०.४७१ ने गुणून येणारी संख्या, आणि तुरटीची घनता आहे दर घन सेंटीमीटरला सुमारे १.७६ ग्रॅम. त्यामुळे २ सेंटीमीटर कडेचा निर्दोष स्फटिक ६.६ ग्रॅमच्या आसपास भरला पाहिजे. तो बराच कमी भरला, तर आत द्रावणाचे कप्पे अडकले असण्याची किंवा आकार चपटा झाल्याची शक्यता तपासावी. आलेख काढताना वजन न घेता वजनाचे घनमूळ काळासमोर मांडावे. बाजू सारख्या वेगाने बाहेर सरकत असतील, तर वजन काळाच्या घनाच्या प्रमाणात वाढते आणि घनमुळाचा आलेख सरळ रेषेत येतो. ती रेषा जिथे वाकते, तिथली तापमान-आर्द्रतेची नोंद उघडून पाहायची, आणि इथून खरा अभ्यास सुरू होतो.

ऋतू पाहून पद्धत ठरवणे

बहुतेक पाठ्यपुस्तके थंड किंवा कोरड्या प्रदेशातील प्रयोगशाळा गृहीत धरून लिहिलेली असतात, म्हणून हा भाग थोडा विस्ताराने सांगतो.

संपृक्त द्रावणातून पाणी उडून जाईल की उलट हवेतील वाफ द्रावणात शिरेल, हे त्या द्रावणाच्या बाष्पदाबावर ठरते. मिठाच्या संपृक्त द्रावणाचा हवेशी समतोल सुमारे ७५ टक्के सापेक्ष आर्द्रतेला साधतो. हवेत त्याहून जास्त आर्द्रता असेल, तर मिठाचे द्रावण पाणी सोडण्याऐवजी शोषून घेते, आणि पावसाळ्यात बरणीतले मीठ पाझरते ते याच कारणाने. तुरटीच्या द्रावणात विरघळलेल्या कणांची संख्या तुलनेने कमी असल्याने त्याचा समतोल १०० टक्क्यांच्या बराच जवळ आहे. म्हणून आर्द्रता ८५-९० टक्क्यांवर असतानाही तुरटीचे द्रावण अत्यंत संथपणे का होईना, पण आटत राहते. जुलैत बरणी दोन आठवडे तशीच दिसली म्हणून प्रयोग फसला, असे समजू नये. त्या संथपणातच सर्वांत पारदर्शक स्फटिक तयार होतात, शिवाय त्या दिवसांत दिवस-रात्रीच्या तापमानातील फरकही थोडा असतो.

खरी अडचण हिवाळ्यात येते. जानेवारीत रात्री पारा २० अंशांखाली आणि दुपारी ३० अंशांवर जातो, आणि वर दिलेल्या आकड्यांनुसार या दहा अंशांत दर शंभर ग्रॅम पाण्यामागे पाच ग्रॅमहून अधिक तुरटी आत-बाहेर करू शकते. रात्री स्फटिकावर घाईने थर चढतो, दुपारी कोपरे विरघळून गोल होतात, आणि आठवड्याभराने आत धुरकट पट्टे दिसू लागतात. यावर उपाय म्हणजे मासळी बर्फात घालून पाठवतात ती थर्मोकोलची पेटी. पेटी धुऊन-वाळवून तिच्यात पाण्याने भरलेले मोठे पातेले ठेवावे आणि त्या पाण्यात बरणी उभी करावी. एवढ्या पाण्याला तापायला आणि निवायला वेळ लागतो, म्हणून बाहेरच्या चढउताराचा थोडाच अंश बरणीपर्यंत पोहोचतो. वारंवार वीज जाणाऱ्या गावात विजेवर चालणाऱ्या स्थिर-तापमान टाकीपेक्षा ही पेटी मला अधिक भरवशाची वाटते.

हीच पेटी वापरून थंड करण्याची पद्धतही शिकता येते. ३५ अंशांना संपृक्त असलेले अर्धा लिटर पाण्याचे द्रावण ३० अंशांपर्यंत उतरवल्यास सुमारे १७ ग्रॅम तुरटी बाहेर पडते. हे उतरणे जितके दिवस लांबवता येईल तितके चांगले, कारण घाई झाली तर ती तुरटी आपल्या बीजावर न बसता तळाशी शेकडो ठिकाणी बसते.

उन्हाळ्यात जमल्यास एखादे मिठागर अवश्य पाहावे. उत्तर कोकणात उरण-पेणकडे आणि दक्षिणेत १९३० च्या मीठ सत्याग्रहामुळे इतिहासात नोंदल्या गेलेल्या शिरोड्यात मिठागरांची परंपरा आहे. मिठाची विद्राव्यता तापमानाने जवळपास बदलतच नाही. २० अंशांना ती ३६ ग्रॅमच्या आसपास असते आणि उकळत्या पाण्यातही ३९ ग्रॅमच्या पुढे फारशी जात नाही. त्यामुळे समुद्राचे पाणी थंड करून मीठ मिळत नाही. ते आटवावेच लागते आणि हंगाम कोरड्या महिन्यांपुरता उरतो. पाणी एका कप्प्यातून दुसऱ्यात घेत दाट करत नेताना आधी चुन्याचे क्षार, मग जिप्सम आणि त्यानंतर मीठ बाहेर पडते. मॅग्नेशियमचे क्षार उरलेले कडू पाणी वेळेवर काढून टाकावे लागते, नाहीतर मीठ कडवट आणि ओलसर होते. संपृक्ततेचा क्रम वापरून क्षार वेगळे करण्याची ही विद्या मिठागरातील कामगारांच्या अंगवळणी पडलेली असते. त्यांना नम्रपणे प्रश्न विचारावेत आणि उत्तरे वहीत उतरवून घ्यावीत. संथ दुपारी पाण्याच्या पृष्ठभागावर तरंगणारा एखादा स्फटिक तळहातावर घेऊन भिंगाखाली पाहावा. तो बहुधा भरीव घन नसतो. उलट्या, पोकळ पिरॅमिडसारखा असतो आणि आतील बाजूने पायऱ्या उतरत गेलेल्या असतात. कडा आणि कोपरे यांना द्रावणातून मीठ अधिक मिळते, बाजूंच्या मध्यभागी ते कमी पोहोचते, म्हणून वाढ जोरात असली की कडा पुढे जातात आणि मध्य मागे राहतो.

सिद्धान्ताकडे

प्रयोग चालू असतानाच सिद्धान्त वाचायला घ्यावा. पहिला प्रश्न असा घ्यावा: द्रावण संपृक्ततेच्या पुढे गेले तरी लगेच स्फटिक का धरत नाहीत? द्रावणात रेणूंचे पुंजके सतत बनत आणि मोडत असतात. पुंजका बनल्याने मिळणारा ऊर्जेचा लाभ त्याच्या आकारमानाच्या, म्हणजे त्रिज्येच्या घनाच्या प्रमाणात असतो, आणि पृष्ठभाग तयार करण्याचा खर्च त्रिज्येच्या वर्गाच्या प्रमाणात. लहान पुंजक्याला खर्च परवडत नाही आणि तो विरघळतो. एका ठरावीक त्रिज्येच्या पुढे गेलेला पुंजका वाढत राहतो. ही क्रांतिक त्रिज्या काढण्यासाठी पृष्ठऊर्जेच्या दुपटीला एका रेणूच्या आकारमानाने गुणावे आणि त्या गुणाकाराला बोल्ट्झमन स्थिरांक, निरपेक्ष तापमान व अतिसंपृक्तता-गुणोत्तराचा (द्रावणाची तीव्रता भागिले संपृक्त द्रावणाची तीव्रता) नैसर्गिक लॉगरिदम या तिघांच्या गुणाकाराने भागावे. कागदावर हे सूत्र स्वतः सिद्ध करावे; त्यासाठी बारावीचे कलन पुरते. या विचाराचा पाया गिब्ज यांनी घातला आणि व्होल्मर व वेबर यांनी १९२६ मध्ये, तर बेकर व ड्योरिंग यांनी १९३५ मध्ये त्याला केंद्रक-निर्मितीच्या, म्हणजे असे टिकून वाढणारे पुंजके धरण्याच्या, दराचे रूप दिले. छेदातील लॉगरिदममुळे अतिसंपृक्तता थोडी वाढताच केंद्रके अचानक मोठ्या संख्येने का धरतात, हे समजले की बरणी हळू थंड करण्याचा सल्ला पाठ करावा लागत नाही.

यापुढचा प्रश्न अधिक सुंदर आहे. सपाट, निर्दोष बाजूवर नवा थर सुरू व्हायलाही असाच अडथळा पार करावा लागतो, आणि गणित सांगते की त्यासाठी २५ टक्के किंवा अधिक अतिसंपृक्तता हवी. प्रत्यक्षात स्फटिक १ टक्का अतिसंपृक्ततेलाही निवांत वाढतात. १९४९ मध्ये फ्रँक यांनी याचे कारण सुचवले: स्फटिकात मळसूत्रासारखा दोष असेल, तर त्याच्यामुळे पृष्ठभागावर निर्माण झालेली पायरी कधीच संपत नाही, रेणू तिला चिकटत राहतात आणि ती गोल फिरत वर चढते. बर्टन, काब्रेरा आणि फ्रँक यांच्या १९५१ मधील दीर्घ लेखाने या विचाराला पूर्ण गणिती रूप दिले. कमी अतिसंपृक्ततेला वाढीचा वेग तिच्या वर्गाच्या प्रमाणात आणि जास्त असताना सरळ प्रमाणात जातो, हे त्या सिद्धान्ताचे भाकीत तुमच्या बरणीतील आकड्यांवर तपासून पाहण्यासारखे आहे. मूळ लेख पहिल्या वाचनात समजणार नाही. प्रास्ताविक आणि आकृत्या वाचून पुढे जावे आणि काही महिन्यांनी परत यावे.

तंगुसाकडे परत

श्टाउडिंगर यांनी १९२० मध्ये प्रचंड लांबीच्या रेणूंची कल्पना मांडली, तेव्हा अनेक रसायनशास्त्रज्ञांना ती पटली नव्हती. १९५३ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. १९३५ मध्ये कॅरोथर्स यांच्या प्रयोगशाळेत नायलॉन तयार झाले. वितळलेले नायलॉन बारीक छिद्रातून काढून ताणले की त्याच्या साखळ्या एका दिशेत रांगेने बसतात, त्यांचे काही भाग स्फटिक बनतात, आणि म्हणून केसाएवढे तंगूस सुरमईचा झटका सोसते. थोडक्यात, तुमचा स्फटिक ज्या धाग्यावर लटकला आहे, त्या धाग्यातही स्फटिक आहेत.

लांब साखळीचे स्फटिक कसे होतात, याचे निर्णायक उत्तर १९५७ मध्ये मिळाले. पॉलिएथिलीनचे द्रावणातून वाढवलेले पापुद्र्यासारखे स्फटिक सुमारे १० नॅनोमीटर जाडीचे होते आणि साखळ्या त्या जाडीच्या दिशेने उभ्या होत्या, तर साखळीची लांबी त्याच्या कितीतरी पट होती. याचा अर्थ साखळी पुन्हा पुन्हा घडी घालून बसते, असा निष्कर्ष ब्रिस्टल विद्यापीठातील केलर यांनी काढला. फ्रँकही त्याच विद्यापीठात होते. दोन क्षेत्रांतील माणसे एका इमारतीत वावरली की काय होते, याचे हे उदाहरण आपल्या महाविद्यालयांतील विभागांनी मनावर घ्यावे.

याचा प्रयोग सोपा आहे. पॉलिएथिलीन ग्लायकॉल ६००० या मेणासारख्या पदार्थाचा कण काचपट्टीवर ठेवून वितळवावा. तो ६० अंशांच्या आसपास वितळतो. वर पातळ काच दाबून बसवावी आणि साध्या सूक्ष्मदर्शकाखाली, एक पोलरॉइड खाली व दुसरे त्याला काटकोनात वर ठेवून, थंड होताना पाहावे. काळोख्या पार्श्वभूमीवर तेजस्वी वर्तुळे उमटतात, प्रत्येकावर काळा क्रूस असतो, आणि ती एकमेकांना भिडेपर्यंत वाढत जातात. मोबाइलने चित्रफीत घेऊन त्रिज्या काळासमोर मांडली, तर सरळ रेषा मिळते. तापमान बदलले की तिचा चढ बदलतो. एका दुपारी करता येण्याजोग्या प्रयोगांत याच्या तोडीचे फार थोडे आहेत.

सैद्धान्तिक बाजूने पॉलिमरकडे जायचे असेल, तर चौकटीच्या वहीत एका बिंदूपासून निघून, एकदा स्पर्श केलेल्या बिंदूवर पुन्हा न जाता, किती मार्ग काढता येतात ते मोजावे; असा मार्ग म्हणजे पॉलिमरच्या साखळीचे सोपे चित्र. एका पावलाचे ४, दोन पावलांचे १२ आणि तीन पावलांचे ३६ मार्ग होतात. चौथ्या पावलाला १०८ अपेक्षित असतात, पण त्यांतील ८ मार्ग चौरस पूर्ण करून सुरुवातीच्या बिंदूवर परत येतात, म्हणून १०० उरतात. पाचव्या पावलाला २८४ येतात. हाताने एवढे मोजून झाले की संगणकावर लहानसा प्रोग्रॅम लिहावा आणि मार्गाच्या दोन टोकांतील सरासरी अंतर पावलांच्या संख्येनुसार कसे वाढते ते काढावे. स्वतःला टाळण्याची अट नसेल तर ते संख्येच्या वर्गमुळाप्रमाणे वाढते. प्रतलात अट घातली की घातांक १/२ ऐवजी ३/४ होतो. त्रिमितीसाठी फ्लोरी यांनी साध्या युक्तिवादाने ३/५ हा घातांक काढला, जो अचूक मूल्याच्या, म्हणजे ०.५८८ च्या, फार जवळ आहे. १९७२ मध्ये द जेन यांनी हीच समस्या चुंबकांच्या सिद्धान्ताशी जोडून दाखवली. सैद्धान्तिक भौतिकीत प्रवेश करण्यासाठी मला हा रस्ता विशेष आवडतो, कारण त्याची पहिली पायरी पेन्सिलने चढता येते.

पावसाळ्यासाठी: जेलमधील वाढ

पाण्यात जवळजवळ न विरघळणाऱ्या पदार्थांचे स्फटिक आटवून किंवा थंड करून मिळत नाहीत. त्यांच्यासाठी सिलिका जेल वापरतात. सोडियम मेटासिलिकेटचे १.०३ ते १.०५ सापेक्ष घनतेचे द्रावण टार्टारिक आम्लात थेंबाथेंबाने, सतत ढवळत घालावे आणि सामू (pH) ४ ते ५ च्या दरम्यान आणून मिश्रण परीक्षानळीत ओतावे. क्रम उलटा केल्यास मिश्रण उदासीन सामूतून जाताना काही जागी तत्काळ गोठते. सिलिकेटचे द्रावण दाहक असते, म्हणून चष्मा आणि हातमोजे घातल्याशिवाय त्याला हात लावू नये. काही दिवसांत सिलिसिक आम्लाचे रेणू पाणी सोडत एकमेकांना जोडले जाऊन नळीत जाळे तयार होते, म्हणजे इथेही पॉलिमरीकरणच घडते. जेल नीट बसल्यावर कॅल्शियम क्लोराइडचे एक मोलर द्रावण नळीच्या भिंतीवरून अलगद वर सोडावे. जेलमध्ये प्रवाह उठत नाहीत. कॅल्शियमचे आयन केवळ विसरणाने, म्हणजे दाट भागाकडून विरळ भागाकडे आपोआप पसरत, खाली झिरपतात आणि काही आठवड्यांत कॅल्शियम टार्टरेटचे स्फटिक दिसू लागतात. सीमेजवळ दाट गर्दी होते. चांगले, सुटे स्फटिक खोलवर सापडतात. कोरड्या हवेत जेल आक्रसून तडकते, ती भीती आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये नसते. सामू, घनता आणि वरच्या द्रावणाची तीव्रता यांतील एका वेळी एकच गोष्ट बदलून नळ्यांची मालिका लावली, तर पदवीच्या प्रकल्पाला पुरेल एवढे काम होते.

मोरचुदासारखी तांब्याची संयुगे वापरली, तर उरलेले द्रावण पऱ्यात, व्हाळात किंवा विहिरीजवळ ओतू नये. तांबे मासळीला घातक आहे. ते बाटलीत साठवून महाविद्यालयाच्या रासायनिक कचऱ्यात द्यावे.

पुढे कोणाकडे जावे

एका ऋतूचे मोजमाप हाती आल्यावर मार्गदर्शक शोधावा, आधी नव्हे. पॉलिमरसाठी पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, सैद्धान्तिक भौतिकी व घन पदार्थांसाठी मुंबईतील टाटा मूलभूत संशोधन संस्था, आणि मुंबईतील आयआयटी व पुण्यातील आयसर ही विज्ञान शिक्षण व संशोधनाची संस्था ही ठिकाणे किनाऱ्यापासून एका रात्रीच्या प्रवासाच्या आत आहेत. लोणेऱ्याचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ तर रायगडातच आहे. संशोधन लेख वाचण्यासाठी १९९१ पासून चालू असलेले आर्काइव्ह हे मुक्त संकेतस्थळ सर्वांना खुले आहे, त्यामुळे ग्रंथालय लहान आहे ही अडचण पूर्वीइतकी मोठी राहिलेली नाही.

संशोधकाला पत्र लिहिताना आपल्या आवडीचे वर्णन टाळावे आणि एका पानात तीन गोष्टी द्याव्यात: काय मोजले, आलेख कसा आला, आणि त्यातील कोणती बाब समजली नाही. उदाहरणार्थ, घनमुळाचा आलेख पहिले वीस दिवस सरळ गेला, पुढे आर्द्रता तीच असताना वेग निम्म्यावर आला, आणि स्फटिकाच्या आठ बाजूंपैकी दोनच बाजूंचे वाढणे थांबले; हे अशुद्धीमुळे घडले की त्या बाजूंवरील पायऱ्यांचा उगम नाहीसा झाल्यामुळे, हे कसे तपासावे? असा प्रश्न आलेल्या पत्राला उत्तर मिळण्याची शक्यता बरीच जास्त असते. देशातील तीन विज्ञान अकादमींची संयुक्त उन्हाळी शिष्यवृत्ती आणि टाटा संस्थेचा विद्यार्थ्यांसाठीचा उन्हाळी कार्यक्रम यांसारख्या संधींचे अर्ज उन्हाळ्याच्या बरेच महिने आधी मागवले जातात. म्हणून पावसाळ्यातील बरण्या आणि जेलच्या नळ्यांची नोंद दिवाळीपूर्वी आलेखांत उतरवून, विभागातील एका शिक्षकाकडून तपासून घेऊन तयार ठेवावी.